भेगेवरची काच

त्यांना नुसतं सांगून भागत नसे. चहात साखर घातली आहे असं म्हटलं तरी ते आधी बशीत दोन घोट ओतून चाखून बघत. बेल वाजली आणि मी "पेपरचं बिल मागायला आला असेल" म्हटलं, तर उठून दार उघडत, बिलवालाच आहे याची खात्री करून घेत आणि मग परत येऊन बसत. एकदा मी त्यांना सांगितलं, की ही भिंत दहा फूट नऊ इंच आहे. आदल्या दिवशी मी ती दोनदा मोजली होती, आणि पंचवीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला टेप धरता येते एवढं तरी समोरच्याने मान्य करावं. त्यांनी मान डोलावली, खिशातून स्वतःची टेप काढली आणि भिंत मोजली. दहा फूट नऊ इंचच भरली. "बरोबर आहे," ते म्हणाले. मला पेपर तपासून परत दिल्यासारखं वाटलं.

"सांगू नका, दाखवा," हे त्यांचं पालुपद होतं.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आता विचारायची सोय राहिलेली नाही, आणि न विचारता लिहिलेलं त्यांना चाललं नसतं. कोथरूडमधल्या हार्डवेअरच्या दुकानात आणि गवंड्यांमध्ये त्यांना 'ओव्हरसियर' म्हणत. सरकारी बांधकाम खात्यातून ते निवृत्त झाले होते. वडील पाथरवट, खडकवासल्याच्या कालव्यावर दगड फोडलेले. मुलाने डिप्लोमा करून त्याच दगडांच्या मोजमापावर सही करायची नोकरी मिळवली, असं ते स्वतःच कोरडेपणाने सांगत. फोन उचलला की "जय भीम, बोला" म्हणत, आणि त्यातलं 'बोला' इतकं तुटक असे, की मी दर वेळी काय बोलायचं ते विसरून जाई. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक लहान बॅटरी. हातात कायम घडीची लोखंडी खुर्ची. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलं की त्याच्याच नजरेने खोली दिसायला लागते, म्हणून ते आपली खुर्ची बरोबर घेऊन फिरत.

निवृत्तीनंतर ते जुन्या घरांमधल्या खोल्या दुरुस्त करून देत. पण एका घरात एकच. दुसरी सांगितली तर नाही म्हणत. "एक नीट झालेली बघून बाकीच्या तुम्हाला जमायला हव्यात," ते म्हणत. "नाही जमल्या, तर पहिलीचाही उपयोग झाला नाही."

मला एकच करायची होती, आणि तीही घाईने.

मी ज्या शाळेत शिकवत होते तिने मराठी माध्यमाचे वर्ग बंद केले. मार्चमध्ये आमच्या हातात पत्रं पडली. नवऱ्याची कंपनी त्याच सुमाराला माणसं कमी करत होती. त्याचं नाव यादीत आलं नव्हतं, पण यादी संपली असंही कोणी म्हणत नव्हतं. मी घरी गणिताचे वर्ग काढायचं ठरवलं. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. त्याआधी खोली तयार नसेल तर मुलं दुसरीकडे जातात, आणि एकदा गेली की वर्षभर येत नाहीत. कोथरूडमध्ये दर दोन इमारतींमागे एक क्लास आहे. माझ्याकडे एकोणीस मुलांची नावं आली होती. ती मी वहीत लिहून ठेवली होती आणि दिवसातून दोनदा तरी उघडून बघत होते.

घर वडिलांनी बांधलेलं. शिक्षकांच्या सोसायटीतला छोटा बंगला, खांब नाहीत, सगळा भार विटांच्या भिंतींवर. रस्त्याच्या बाजूची कोपऱ्यातली खोली वडील गेल्यापासून अडगळीची झाली होती. कमरेइतक्या उंचीपर्यंत पिस्त्याच्या रंगाचा ऑइलपेंट, त्यावर पिवळट चुना. लाकडी पट्ट्यांवरून गेलेली वायर, काळी गोल बटणं. दोन भिंतींना जाळीच्या दारांची कपाटं, वर माळा, खाली ठिपक्यांची मोझॅक फरशी. आणि कोपऱ्यातल्या खिडकीच्या वरच्या टोकापासून छतापर्यंत तिरकी गेलेली एक भेग. दर दिवाळीला रंगारी तिच्यात लांबीचा लगदा भरून ती बुजवी आणि होळीपर्यंत ती पुन्हा वर येई. आम्हाला तिची इतकी सवय झाली होती, की ती दिसतच नसे.

ओव्हरसियर पहिल्यांदा आले ते सकाळी दहाला आणि गेले संध्याकाळी पाचला. मी आपली कुठे पांढरा बोर्ड, कुठे पंखे, कुठे बाक ते सांगायला गेले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, खुर्ची उघडली आणि खोलीच्या मध्यावर बसले. पंखा लावू दिला नाही. दर तासाला उठून ऊन फरशीवर कुठे आलंय तिथे खडूने रेघ ओढत. दुपारी खुर्चीतच डबा खाल्ला. भिंतींवर हातोडीच्या लाकडी दांड्याने टकटक केली आणि कान लावला. मी तीन वेळा डोकावून गेले. तिसऱ्या वेळी माझा संयम संपला.

"काही ठरलं का?"

"तुम्ही या घरात किती वर्षं राहता?"

"लहानपणापासून."

"मग ही भेग कधीची?"

"आधीपासूनच आहे."

"आधीपासून म्हणजे कधीपासून?"

मला सांगता येईना. लहान होते तेव्हा खिडकीवर सुगरणीचं घरटं टांगलेलं आठवत होतं, भिंतीवर कॅलेंडर आठवत होतं, भेग आठवत नव्हती. ते वाट बघत राहिले. माझ्या वर्गात न आलेल्या उत्तराची मी अशीच वाट बघायची, आणि समोरच्या मुलाला काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

"रंगाऱ्याकडून भरून घेऊ ना," मी म्हटलं.

"भराल. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ कोणाच्या डोक्यावर आहे ते बघू आधी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काच आणली. शनिवार पेठेत त्यांचा एक फ्रेमवाला होता, तो फोटोंच्या काचेचे तुकडे त्यांच्यासाठी कापून ठेवी. बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी. ती त्यांनी भेगेवर आडवी धरली आणि दोन्ही टोकांना ओल्या प्लास्टरचे गोळे बसवून भिंतीला घट्ट केली. ओल्या गोळ्यावर खिळ्याने तारीख कोरली.

"काच ताणली जात नाही," त्यांनी सांगितलं. "भिंत जागच्या जागी असेल तर काच राहते. केसभर हलली तर तुटते. एकवीस दिवस. राहिली, तर भेग जुनी आहे, भरा आणि विसरा. तुटली, तर खोली बंद."

"एकवीस दिवसांनी मे संपतो."

"संपतो."

"आणि मध्ये दार आपटलं, कोणाचा धक्का लागला?"

"तर सांगायचं. मी येऊन बघेन."

त्या दिवसांत काम अगदीच थांबलं होतं असं नाही. त्या भिंतीला हात न लावता बाकीचं चालू होतं. "खोलीतलं खोलीतच" हा त्यांचा आणखी एक नियम. खोलीतून निघालेली वस्तू शक्यतो खोलीतच परत लागली पाहिजे. कपाटांची सागवानी दारं जाळ्या काढून, पोर्चमध्ये रंधा मारून मुलांची बैठी मेजं झाली. माळ्याच्या फळ्यांची पुस्तकांची मांडणी झाली. मी नव्या चकचकीत टाइल्सची पत्रकं आणली होती, ती त्यांनी न उघडता मेजाच्या पायाखाली सरकवली. "तुमच्या वडिलांनी चांगली फरशी घातली आहे. पॉलिश करू. मशीन हादरे देतं, म्हणून शेवटी." मला राग आला होता, पण फरशीवर खडूने आखलेल्या उन्हाच्या रेघा बघून कळलं, की मी जिथे बोर्ड लावणार होते तिथे संध्याकाळी बरोबर पाचला उन्हाची चकाकी आली असती आणि एकाही मुलाला अक्षर दिसलं नसतं. त्यांनी बोर्ड समोरच्या भिंतीवर नेला. याबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मीही बोलले नाही.

सकाळी उठलं की मी आधी काच बघायची. मग चहा. डोळ्यात तेल घालून म्हणतात तशी ती राखत होते. त्या खोलीचं दार मी दोरीने बांधून ठेवलं, आपटू नये म्हणून. शेजारच्यांकडे भिंतीला ड्रिल लावायला माणूस आला, तर मी जाऊन त्यांच्याशी चक्क भांडले. नवरा म्हणाला, "अगं, काच आहे, तुझी पत्रिका नाही." मला हसू आलं नाही. पहिला आठवडा गेला. दुसरा गेला.

पंधराव्या दिवशी सकाळी काच तुटलेली होती.

तुटलेली म्हणजे खाली पडली नव्हती. मधोमध एक बारीक रेघ होती, प्रकाश तिरका पडला तरच दिसणारी. मी चष्मा पुसून बघितलं, नखाने चाचपलं. नख अडकलं. नवरा तोपर्यंत कामाला निघून गेला होता. मी त्या बैठ्या मेजांपैकी एकावर बसले आणि किती वेळ बसून राहिले ते मला आठवत नाही.

फोन करायचा होता. तेवढंच करायचं होतं. पण फोन केला की ते येणार, बघणार आणि "खोली बंद" म्हणणार. त्या दोन शब्दांनी एकोणीस नावं जाणार. मी स्वतःला समजावू लागले. काच कशानेही तुटली असेल. उन्हाने तापली असेल. शेजारच्या ड्रिलनेच असेल, मी भांडायला जायच्या आधी दोन भोकं पाडून झाली होती त्यांची. भेग तर कधीपासूनची आहे, इतकी वर्षं काय झालं? गणिताची बाई असूनही मला हवं ते उत्तर आधी लिहून मग वरच्या पायऱ्या भरत होते.

दहा वाजता मी कर्वे रस्त्याला गेले आणि एका फ्रेमवाल्याकडून काचेची पट्टी कापून घेतली. बोटभर रुंद, वीतभर लांब. "कशाला हवी, मॅडम?" त्याने विचारलं. "मुलांच्या प्रोजेक्टला," मी म्हटलं. येताना प्लास्टरची पिशवी आणली. घरी येऊन स्क्रूड्रायव्हरने जुने गोळे हळूहळू सोडवले, भिंत पुसली, नवी पट्टी लावली. गोळे त्यांच्या गोळ्यांइतकेच केले, अंगठ्याचा दाबसुद्धा तसाच. ओल्या प्लास्टरवर खिळ्याने तारीख कोरली, पंधरा दिवसांपूर्वीची. मग चहाच्या चोथ्याच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर फिरवलं, नवं दिसू नये म्हणून. आयुष्यभर मी कॉपी करणारी मुलं पकडली. इतकी सफाईदार कॉपी त्यातल्या एकानेही केली नव्हती.

तुटलेली काच मी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली. नवऱ्याला सांगितलं नाही.

पुढचे सहा दिवस फार वाईट गेले. नवी काच शाबूत होती, आणि ती शाबूत आहे याचं मला काहीच वाटत नव्हतं. मध्ये दोनदा ओव्हरसियर सुताराचं काम बघायला आले. चोराच्या मनात चांदणं. ते भिंतीकडे वळले की मी चहाचं विचारायची. ते नुसते बघत आणि पुढे जात. त्याच दिवसांत मी मुलांच्या बसण्याची आखणी पुन्हा केली. आधी पाच रांगा होत्या. नव्या आखणीत मी खिडकीखालची रांग काढून टाकली आणि त्या कोपऱ्यात मांडणी ठेवायचं ठरवलं. जागा मोकळी दिसते, असं कारण मी स्वतःला दिलं. पेन्सिल खाली ठेवली. काय केलंय ते मला पुरतं कळलं होतं, आणि तरीही मी फोन केला नाही.

एकविसाव्या दिवशी ते बरोबर दहाला आले. खुर्ची उघडली नाही. बॅटरी लावून काच बघितली, भिंग काढून पुन्हा बघितली. गोळ्यावरच्या तारखेवरून बोट फिरवलं. मग पाणी मागितलं. मी आणून दिलं ते उभ्याउभ्याच प्यायले.

"चला, मागे जाऊ," ते म्हणाले.

कोपऱ्याच्या बाहेरच्या बाजूला आमच्या कंपाउंडची अरुंद बोळ आहे. तिथे कोणी जात नाही. जुना बंब, फुटक्या कुंड्या आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक शहाबादी फरशी. ती फरशी तिथे वर्षानुवर्षं आहे असंच मी धरून चालले होते. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली. मागे भिंतीवर पायापासून वर गेलेली भेग होती आणि तिच्यावर आतल्यासारखीच काच होती. आतल्यासारखेच गोळे, आतलीच तारीख. काचेचे सरळ दोन तुकडे झाले होते आणि मध्ये नखाएवढी फट होती.

माझ्या पायाखालची वाळू सरकली. खरोखरच सरकत होती, हे नंतर कळलं.

"मी नेहमी दोन लावतो," ते काचेकडेच बघत म्हणाले. "एक भिंतीसाठी. एक घरातल्या माणसांसाठी."

 त्यांच्याबद्दल एक गोष्ट मला हार्डवेअरच्या दुकानदाराने आधीच सांगितली होती. एका घरमालकाने गळती नवीन आहे असं खोटं सांगितलं, तर ओव्हरसियर अर्धी झालेली खोली सोडून, खुर्ची घडी करून निघून गेले होते. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले, की खुर्ची कधी उचलतात.

"बरेच जण बदलतात का?" मी विचारलं. 

"बहुतेक. तुम्ही सफाईने बदललीत. प्लास्टरचा हात चांगला आहे."

मग ते आतून खुर्ची घेऊन बोळीत आले आणि बसले. मला बसायला बंबाची कड होती. नोकरीच्या सुरुवातीला ते एका तालुक्याच्या गावी होते. तिथल्या सरकारी इमारतीच्या व्हरांड्याला भेग होती. त्यांनी काच लावली, एकच. महिन्याने तपासायला गेले तेव्हा काच अखंड होती. त्यांनी सही केली. मधल्या काळात ती तुटली होती. तिथल्या शिपायाने बदलली होती. काच आपल्याच हातून तुटली असं त्याला वाटलं, आणि नोकरीची भीती. पुढच्या पंधरवड्यात भर दुपारी व्हरांडा खाली आला.

"कोणी होतं?" मी विचारलं.

"एक बाई होती. झाडत होती."

बोळीत ऊन आलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, पुन्हा ठेवलं.

"शिपायाने मुद्दाम नाही केलं," ते म्हणाले. "घाबरला होता. तुम्हीही घाबरलात. पण सही माझी होती. मी काच बघितली, भिंत बघितली नाही."

मला रडू आलं, आणि ते त्यांच्यासमोर आलं याची लाज वाटली नाही. आखणीत काढून टाकलेल्या रांगेबद्दल मी त्यांना सांगितलं. ते सांगितल्याशिवाय माझं पूर्ण होणार नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं, "ते बरं केलंत" किंवा "वाईट केलंत" यांपैकी काहीच म्हणाले नाहीत. उठले आणि पायाजवळची माती बुटाने दाबली. माती खचली. मे महिन्याच्या शेवटी, टँकर चालू असताना, ती माती ओली होती.

"न्हाणीघराचा पाइप इथूनच जातो?"

"हो. वडिलांच्या वेळचा आहे."

"उद्या आठला गवंडी येईल. तुम्ही आज त्या एकोणीस घरी फोन करा."

"काय सांगू?"

"भिंत हलतेय. खरं तेच."

मी केले. एकोणीसच्या एकोणीस फोन मी स्वतः केले. एका आईने विचारलं, की मग फी थोडी कमी होणार का. एका वडिलांनी "विचार करून कळवतो" म्हटलं, ते आजपर्यंत विचार करतायत. एकाने मला वास्तुशास्त्राचा माणूस सुचवला. संध्याकाळी वहीत बारा नावं राहिली. सात नावांवर मी रेघ ओढली. त्याच रात्री जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पोर्चमध्ये सतरंजी टाकून बसव त्यांना. मी ताडपत्री आणतो." मला वाटतं लग्नानंतर मला तो इतका आवडला असेल असा तो दुसरा किंवा तिसरा प्रसंग.

गवंड्याने खणलं तेव्हा जमिनीखालचा जुना मातीचा पाइप सांध्यात फुटलेला सापडला. न्हाणीघरातलं पाणी किती वर्षं पायाखाली मुरत होतं देव जाणे. कोपऱ्याखालची माती वाहून गेली होती. गवंड्याने पोकळीत हात घातला आणि तो कोपरापर्यंत आत गेला. बाहेर काढून त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली.

पाया भरायचा म्हणजे आणखी खणायला हवं, आणि खणताना कोपरा आधाराशिवाय राहणार. ओव्हरसियरांनी एका वेळी हातभरच खणायचं, भरायचं, सुकू द्यायचं, मग पुढचा हातभर, असं ठरवून दिलं. आत खोलीत लाकडी टेकू लावले.  त्यांनी आपली लोखंडी खुर्ची उचलली, खोलीत नेली आणि बरोबर त्या भेगेखाली मांडून बसले.

"अहो, बाहेर या," मी खिडकीतून म्हटलं.

"इथे ठीक आहे."

"टेकू आहेत ना? मग तुम्ही कशाला?"

"मी आत आहे हे गवंड्याला माहीत असलं की त्याचा हात हलका पडतो."

गवंडी बाहेर पहार हळूच टेकवत होता. खरंच हळूच. प्रत्येक ठोक्याला आत भिंतीवरून चुन्याची बारीक भुकटी झरत होती आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडत होती. ते वही मांडीवर ठेवून बसले होते. मी खिडकीचा गज धरून उभी. मला आत जाता येत नव्हतं आणि तिथून हलताही येत नव्हतं. पाच दिवस हे असं चाललं, रोज सकाळी आठ ते अकरा. पाचव्या दिवशी शेवटचा हातभर भरून झाला तेव्हा ते बाहेर आले, शर्ट झटकला आणि म्हणाले, "चहा मिळेल?" मी चहा दिला. त्यांनी बशीत ओतून साखर चाखली.

मग त्यांनी खिशातून काचेच्या दोन पट्ट्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"लावा. एक आत, एक बाहेर. पुन्हा एकवीस दिवस."

मी लावल्या. तारीख कोरली, खरी.

जूनभर बारा मुलं पोर्चमध्ये ताडपत्रीखाली त्या मेजांवर शिकली. त्यांना मी काचेबद्दल सांगितलं होतं. वर्ग सुटला की ती दारातून डोकावून बघत आणि "आहे, मॅडम" असं ओरडून सायकली काढत. बाहेरची बघायला मी त्यांना जाऊ देत नव्हते. ती मी स्वतः बघायची, सकाळी सातला, शहाबादी फरशी उचलून.

एकविसाव्या दिवशी ओव्हरसियर आले. खोलीत गेले, बॅटरी लावून आतली काच बघितली, भिंगाने बघितली. मग खुर्ची उघडून बसले, वही काढली. मी मागच्या दाराची कडी काढून ठेवली होती, कारण ते आता बोळीत जाणार हे मला माहीत होतं. फरशी उचलायला मी पुढेही झाले होते.

"बाहेरची?" त्यांनी विचारलं.

"अखंड आहे. सकाळी बघितली."

त्यांनी वहीत लिहिलं. लिहिलं, खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं. मी दारातच उभी.

"बघायला नाही येणार?"

"तुम्ही बघितलीत ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी वही खिशात ठेवली, चहा सरळ कपाने प्यायला आणि खुर्ची घडी केली. पॉलिशवाला सोमवारी येईल, म्हणाले. फाटकापर्यंत पोचवायला गेले तेव्हा मी मधल्या खोलीचं काम काढायचं आहे असं सुचवून बघितलं. त्यांनी मान हलवली. "ती तुम्हाला जमेल," म्हणाले, आणि रस्ता ओलांडून गेले.

ते दिसेनासे झाल्यावर मी बोळीत जाऊन फरशी उचलली. काच अखंड होती. फरशी जागेवर ठेवली आणि घरात आले. दुपारपर्यंत मी आणखी तीन वेळा जाऊन ती बघून आले.